कापसाचं गोदाम तिकडंही होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या अंकाची निम्मी पानं क्लासच्या जाहिरातींनी भरतात. पोरांचे फोटो, मार्क, नीट, जेईई. ज्यांनी मिळवलं त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. पण परवा आमच्या गल्लीतल्या एक बाई दहावी झालेल्या मुलाला घेऊन माझ्याकडं आल्या. मुलाच्या हातात चित्रकलेची वही, इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी. बाई म्हणाल्या, "मामा, तुम्हीच सांगा की ह्याला. चित्र काढून पोट भरतंय का?" मुलगा मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत बसला होता. त्यांना मी जे सांगितलं ते एका घरापुरतं राहू नये, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर जरूर कापा, फक्त पैशांचा भाग तेवढा ठेवा.

मी बासष्ट वर्षांचा. राहणार साखर पेठ, सोलापूर. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड सगळं मिसळून. वडील लक्ष्मी-विष्णू मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते, भोंग्यावर आमचं घर उठायचं. दहावीनंतर मी एका चादर कारखान्यात डिझाईन मास्तरांच्या हाताखाली लागलो आणि पुढं चाळीस वर्षं जाकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, ग्राफ काढले. आता हे काम संगणकावर होतं, तरुण वाचकांनी पाहिलेलं नसेल, म्हणून थोडं सांगतो.

आधी साध्या कागदावर चित्र काढायचं. मोर म्हणा, कमळ म्हणा. मग ते बारीक चौकटींच्या ग्राफवर उतरवायचं. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक फेक. चौकोन लाल रंगानं भरला तर तिथं धागा वर, कोरा सोडला तर खाली. चित्रात मोराची मान गोल असते, ग्राफवर तिला पायऱ्या पडतात. कुठं एक चौकोन, कुठं दोन, कुठं तीन ठेवले म्हणजे कापडावर ती मान परत गोल दिसेल, हे कसब हातात यायला मला सहा-सात वर्षं लागली. एक चौकोन चुकला तर चादरीतल्या प्रत्येक मोराच्या मानेवर तोच पोक दिसतो. त्यात आपली चादर दुपदरी. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असला तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. दोन्ही बाजू डोक्यात ठेवूनच ब्रश टेकवायचा. ग्राफ झाला की पंचिंगवाला एकेक ओळ वाचत पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचा. ती कार्डं दोरीनं ओवून माळ व्हायची, माळ मागावर चढायची, आणि मोर विणला जायचा.

हे मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. मास्तरांनी मला शिकवलं, मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी. सरकारी कागदावर माझं शिक्षण दहावीच राहिलं.

माझी थोरली मुलगी मात्र सध्या जर्मनीत ब्रेमेन शहरातल्या कला विद्यापीठात शिकते. 'होखशूलं फ्यूर क्युन्स्टं' असं त्याचं नाव, म्हणजे कलांची उच्चशाळा. संपूर्ण सरकारी. चित्रकला, शिल्प, डिझाईन आणि संगीत एकाच संस्थेत. विद्यार्थी सगळे मिळून नऊशेच्या आसपास. आपल्याकडं एखाद्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजात याहून जास्त मुलं असतात.

लहानपणी ती माझ्या शेजारी फळीवर बसून रद्दी झालेल्या ग्राफवर चौकोन भरायची. आई ओरडायची, "काय करायलीस गं, अभ्यास सोडून?" दहावीला एक्क्याऐंशी टक्के पडले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी सायन्स घ्यायला लावलं. अकरावीचं एक वर्ष तिनं कसंबसं काढलं. मग एका रात्री जेवताना म्हणाली, "नाना, तुम्ही करता तेच मला शिकायचंय, पण नीट शिकायचंय." तिला पुण्याला पाठवलं. कापडाच्या डिझाईनची पदवी झाली, तिथंच एका कंपनीत दोन वर्षं नोकरी केली, आणि मग पुढं शिकायचं जर्मनीचं मनात घेतलं.

इथं आम्ही एकदा फसलो. पालकांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. पुण्यातल्या एका एजंटानं 'जर्मनीत प्रवेश शंभर टक्के' म्हणून सांगितलं. फाईल करायचे पन्नास हजार घेतले. दोन महिन्यांनी पत्र आणलं ते एका खासगी संस्थेचं, वर्षाची फी अकरा लाख. मी विचारलं, जर्मनीत शिक्षण फुकट असतं असं ऐकलंय ते काय? तर म्हणाला, काका, ते जुनं झालं. मुलीनं स्वतः बसून शोधलं तेव्हा कळलं की जुनं काही झालेलं नाही, त्यानं खासगी संस्थेच्या दारात नेऊन उभं केलं होतं एवढंच. पन्नास हजार परत आले नाहीत. ते माझे चार महिन्यांचे पैसे होते.

खरी गोष्ट अशी आहे. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. मधल्या काळात काही राज्यांनी फी लावून पाहिली होती, लोकांनी विरोध केला आणि २०१४ पर्यंत ती सगळीकडून गेली. नंतर बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यानं २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहा महिन्यांच्या सत्राला १,५०० युरो लावले. ब्रेमेनमध्ये तसं नाही. तिथं माझ्या मुलीला आणि तिथल्या डॉक्टरच्या मुलाला एकच नियम, शिकवणीची फी नाही. सत्राला काहीशे युरो वर्गणी भरावी लागते, आणि त्यातच बस-ट्रामचा पास येतो.

फुकट म्हणजे सगळं फुकट, असं मात्र कुणी समजू नये. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात आधी दाखवावी लागते. २०२४ साली ती ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. तेव्हाच्या दरानं आपल्या पैशात अकरा-बारा लाखांच्या घरात जाते. ती फी नव्हे, आपलेच पैसे असतात आणि महिन्याच्या महिन्याला आपल्यालाच मिळतात, पण एकदम उभे तर करावे लागतात. आम्ही तिच्या आईच्या पाटल्या आणि एका सहकारी बँकेचं कर्ज असं करून उभे केले. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली प्रमाणपत्रं एपीएस नावाच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागतात, त्यात महिने जातात. जर्मन भाषा शिकावी लागते. खोली मिळता मिळत नाही. हिवाळ्यात दुपारी साडेचारला अंधार होतो, पहिल्या वर्षी त्या अंधारानं पोरगी फोनवर रडली होती. बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, त्यावर ती एका बेकरीत पहाटेची पाळी करून आपला निम्मा खर्च काढते. हे सगळं धरूनही हिशेब असा, की इथं एखाद्या खासगी मेडिकलच्या एका वर्षाच्या फीत तिचं जर्मनीतलं सगळं शिक्षण बसतं.

प्रवेश कशावर? पदवी लागते, पण ती दाराच्या आत पाऊल ठेवण्यापुरती. खरा कस लागतो तो कामाचा. आपण केलेल्या कामांचा एक संच पाठवायचा, त्याला ते 'माप्पं' म्हणतात. तो पसंत पडला तर पुढं मुलाखत. मुलीनं संचात पुण्यातल्या कॉलेजची चकचकीत कामं लावली होती आणि सर्वांत शेवटी माझा १९९१ चा एक ग्राफ, त्यावर मी पेन्सिलीनं केलेल्या दुरुस्त्या, आणि त्या मोराच्या मानेवर तिनं स्वतः केलेले सतरा प्रयोग. मुलाखतीत त्यांनी चकचकीत कामांबद्दल फारसं विचारलं नाही म्हणे. त्या ग्राफवरच थांबले. हा पायऱ्यांचा निर्णय कुणी घेतला, कसा घेतला, तुमच्या गावात असे किती लोक आहेत, हे विचारत राहिले. मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. चाळीस वर्षांत मला 'डिझाईन कधी देता, माग थांबलाय' एवढंच विचारलं गेलं होतं.

आता मूळ मुद्द्याकडं येतो, ज्यासाठी हे पत्र सोलापूरच्या दैनिकाला लिहितोय.

पहिल्या महिन्यात मुलीनं व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाली, "नाना, घड्याळ लावा, मी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालते." लाल विटांची इमारत, माल आत घ्यायची मोठमोठी दारं, त्यांच्या आता खिडक्या केलेल्या. ती चालत राहिली. पाच मिनिटं झाली तरी इमारत संपेना. जवळजवळ चारशे मीटर लांब. मला वाटलं एखादी गिरणी दाखवतेय. ते होतं बंदरातलं गोदाम, 'श्पायशर एल्फ' म्हणजे अकरा नंबरचं गोदाम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं. त्यात जगभरातून आलेला माल ठेवायचे, आणि मुख्य म्हणजे कापूस.

ब्रेमेन हे युरोपातलं कापसाचं मोठं बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांनी १८७२ साली कापसाचा बाजार स्थापन केला, तो आजही आहे. आपल्या सोलापूरची पहिली गिरणी, जिला आपण 'जुनी मिल' म्हणतो, तीही त्याच दशकातली. म्हणजे ज्या काळात सोलापुरात पहिली चिमणी उभी राहत होती, त्याच काळात ब्रेमेनमध्ये कापसाच्या गाठी उतरत होत्या. आणि १८७३ साली त्या गावानं कारागिरांसाठी एक तांत्रिक शाळा काढली. आज माझी मुलगी शिकते त्या विद्यापीठाचं मूळ ती शाळा. कारागिरांची शाळा वाढत वाढत, संगीताशी जोडली जात, १९८८ साली कला विद्यापीठ झाली.

पुढं काय झालं तेही आपल्या ओळखीचं आहे. माल कंटेनरमधून यायला लागला, मोठी जहाजं समुद्राच्या तोंडाशी असलेल्या ब्रेमरहाफेनलाच थांबायला लागली, आणि गावातलं बंदर ओस पडलं. १९९८ साली त्या बंदराची गोदीच वाळूनं भरून टाकली. हमाल, क्रेनवाले, कारकून, सगळ्यांची कामं गेली. आपल्याकडं एकेक करून भोंगे बंद झाले तेव्हा काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वडील घरी बसले आणि वर्षभर भोंग्याच्या वेळेला उठून अंगणात उभे राहायचे. ब्रेमेनच्या लोकांनीही तसंच भोगलं असणार. पण अकरा नंबरचं गोदाम त्यांनी पाडलं नाही. वास्तू जतन केली, दुरुस्त केली आणि २००३ साली चित्र, शिल्प, डिझाईनचे सगळे वर्ग तिथं आणले. जिथं कापसाच्या गाठी होत्या तिथं आज लाकडाची कार्यशाळा आहे, धातूची आहे, छपाईची आहे. संगीताचा विभाग जुन्या गावात, मोठ्या चर्चच्या जवळ, वेगळ्या इमारतीत आहे. वर्षातून एकदा सगळी दारं लोकांना उघडी करतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सगळे येऊन मुलांची कामं बघतात.

कुणी म्हणेल, श्रीमंत देश आहे, करतील. तर ब्रेमेन हे जर्मनीच्या सोळा राज्यांतलं सर्वांत छोटं राज्य, आणि दरडोई कर्जात सर्वांत वाकलेल्यांपैकी एक. ब्रेमेन शहराची वस्ती पावणेसहा लाखांच्या आसपास. सोलापूर २०११ च्या जनगणनेतच साडेनऊ लाख होतं. आपल्याहून लहान, कर्जात बुडालेलं, धंदा गेलेलं गाव कला विद्यापीठ चालवतंय, कारण ते आपल्या गावाचं काम आहे असं त्यांनी धरलंय.

तिथं डिझाईनच्या अभ्यासक्रमाला 'एकत्रित डिझाईन' असं म्हणतात. कापडवाला वेगळा, छपाईवाला वेगळा, वस्तू करणारा वेगळा अशा भिंती घातलेल्या नाहीत. आणि संगीतवालेही त्याच विद्यापीठाचे. याचा काय उपयोग, असं मी मुलीला विचारलं होतं. उत्तर तिनं मागच्या वर्षी दिलं.

जाताना ती माझ्या जुन्या मोराच्या माळेतली साठ कार्डं बॅगेत घालून घेऊन गेली होती. तिथं तिची मैत्री झाली जुन्या संगीताच्या विभागातल्या एका मुलीशी. ब्रेमेनचा हा विभाग नावाजलेला आहे, तीन-चारशे वर्षांपूर्वीची वाद्यं तिथं वाजवायला शिकवतात. ती मुलगी चेंबालो वाजवते, तारा छेडून वाजणारं पेटीसारखं जुनं वाद्य. दोघींनी कार्ड उजेडात धरलं. आपल्या चारशे हुकांच्या (हूक म्हणजे ताण्याचे धागे वर उचलणारे आकडे) जाकार्डाच्या कार्डाला आडवी आठ भोकांची जागा असते. माझ्या मुलीला लहानपणी आम्ही गल्लीतल्या बाईंकडं गाणं शिकायला घातलं होतं, प्रवेशिकेपर्यंत. ती म्हणाली, आठ म्हणजे सा ते वरचा सा. भोक असेल तिथं सूर, नसेल तिथं गप्प. आणि त्या मुलीनं माझी कार्डं एका टोकाकडून वाचत वाजवली.

रविवारी संध्याकाळी मुलीनं ते ऐकवलं. फोन आम्ही पाटावर ठेवला, मी, तिची आई, आणि समोरच्या घरातले निवृत्त पंचिंगवाले. सुरुवातीला नुसता गोंधळ वाटला. पाच-सहा कार्डांनंतर पंचिंगवाले माझ्याकडं बघायला लागले. प्रत्येक कार्डाच्या शेवटाला तोच एक ठेका येत होता, थोडासा बदलून, परत तोच. ते म्हणाले, "मास्तर, ही किनार आहे." किनारच होती. कार्डाच्या शेवटच्या हुकांवर किनार असते, ती फेकीफेकीला थोडीच बदलते. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी जी किनार बोटांनी वाचली होती ती कानानं ऐकली. पंचिंगवाल्यांनी मांडीवर ठेका धरला आणि पुढची किनार कधी येणार ते आधीच ओळखायला लागले. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

त्यातून आता ती आणि ती मैत्रीण मिळून नव्या नक्षी करतायत. एखादी चाल वाजवायची, तिची कार्डं पाडायची आणि ती विणायची. त्यातली एक नक्षी मी पाहिली. मला ती आधी वेडीवाकडी वाटली, दोन दिवसांनी आवडली. ती नक्षी चादरीवर खपेल का, ठाऊक नाही. पण गेल्या तीस वर्षांत सोलापूरच्या चादरीवर नवी म्हणावी अशी नक्षी किती आली, हे या धंद्यातल्या प्रत्येकानं छातीवर हात ठेवून सांगावं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे. तरी बाहेरगावची चादर 'सोलापुरी' म्हणून आपल्या डोळ्यांदेखत विकली जाते. तिच्यावर आपलाच मोर असतो, कारण आपण तोच मोर परत परत काढत बसलो आणि तो उचलायला सोपा झाला. नवी नक्षी काढायला नवं शिकलेलं डोकं लागतं. ते घडवायची जागा या गावात नाही.

सरकारची स्वतःची कला महाविद्यालयं आहेत ती मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. सोलापूरच्या पोरानं जायचं कुठं? सोलापुरात २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. हे गाव शाहीर राम जोशींचं. याच जिल्ह्यात बार्शीला अमर शेख जन्मले, पंढरपूरला मकबूल फिदा हुसेन जन्मले. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा ते सजवणारे हात, हलगीवाले, सनईवाले, वॉल हँगिंग विणणारे आमचे पूर्वभागातले विणकर, मूर्तिकार, साइनबोर्ड रंगवणारे, हे सगळे अजून आहेत. पण त्यांच्यातला एकही कुठल्या वर्गात शिकवायला बोलावला जात नाही, कारण त्यांच्याकडं पदवी नाही. आणि त्यांची मुलं ते काम सोडून चाललीत, कारण त्या कामाला शिक्षण म्हणत नाहीत. माझ्या जुन्या शाळेत चित्रकलेचा तास आता गणिताला देतात, हे मला माझ्या नातवानं सांगितलं.

माझं मागणं साधं आहे. सोलापुरात बंद गिरण्यांच्या ज्या काही वास्तू अजून तग धरून आहेत, जी सरकारी गोदामं रिकामी पडली आहेत, त्यातली एक राज्य सरकारनं कला, संगीत आणि डिझाईनच्या सरकारी संस्थेसाठी द्यावी. नवी काचेची इमारत नको. भिंती जाड आहेत, छत उंच आहे, माग बसतील. खड्डामाग ठेवा, जाकार्ड ठेवा, संगणकाचं जाकार्डही ठेवा. बाजूच्या खोलीत तबला, पेटी, हलगी. प्रवेश पोराच्या वहीवर द्या. शिकवायला पदवीवाले घ्याच, पण त्यांच्या जोडीला आमच्यातले दहा जण मानधनावर घ्या, अजून पाच-सात वर्षं हात चालतील असे लोक या गावात आहेत. आमच्यामागं ते कुणाला येणार नाही.

दुसरं मागणं राज्य सरकारच्या परदेश शिक्षण शिष्यवृत्तीबद्दल. त्या शिष्यवृत्तीला संस्था जागतिक क्रमवारीत वरच्या नंबरात असावी लागते. ही क्रमवारी अनेक शाखा असलेल्या मोठमोठ्या विद्यापीठांची असते. नऊशे विद्यार्थ्यांचं कला विद्यापीठ त्या यादीत यायचं कसं? म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलाला शिष्यवृत्ती आणि तेवढ्याच गरीब घरातल्या कलेच्या मुलाला बँकेचं कर्ज. कलेच्या संस्थांसाठी वेगळी यादी करावी. लोकप्रतिनिधींपैकी कुणी हे पत्र वाचत असेल तर त्यांनी एवढं विधिमंडळात विचारावं.

त्या बाईंच्या मुलाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्याला एक कोरा ग्राफ दिला आणि वहीतलं त्याचंच एक चित्र त्यावर उतरवायला सांगितलं. त्यानं सिद्धेश्वराच्या तळ्यातला बगळा काढला होता. चार दिवसांनी आला. बगळ्याची मान सरळ काठीसारखी झाली होती, पण पायांची बोटं त्यानं अशी उतरवली होती की मला माझं पहिलं वर्ष आठवलं. आता तो रोज संध्याकाळी येतो. त्याची आई अजून काळजीत आहे आणि ती रास्त आहे, मी तिला खोटं आश्वासन दिलेलं नाही.

माझ्याकडं पत्र्याच्या दोन पेट्या आहेत. एकीत १९८३ पासूनचे ग्राफ, तीनशेच्या वर. काहींना वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. दुसरीत कार्डांच्या अकरा माळा, त्यातल्या मोराच्या माळेत साठ कार्डं कमी आहेत. भंगारवाला दर महिन्याला विचारून जातो. गावातल्या कुठल्याही कॉलेजला, शाळेला किंवा विद्यापीठाच्या विभागाला त्या हव्या असतील तर त्यांनी येऊन घेऊन जाव्यात, पैसे नकोत. वाचून दाखवायला मी येईन, पंचिंगवालेही येतील. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिला आहे. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त डिझाईन मास्तर,
साखर पेठ, सोलापूर